शुभ्राचं तिसरं वर्ष

"बाई, फोटोत निळं फूल आलं तं चालते का?"

दसरू कापगतेनं हे विचारलं तेव्हा मी बांधावर उकिडवी बसून वहीत तारीख टाकत होते. तेरा जानेवारी, साल शहाऐंशी. मी वर बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, "निळं कुठून येईल दसरूभाऊ? शुभ्रा आहे ही. शुभ्राला पांढरंच फूल."

"नाई, म्हनलं विचारून ठेवाव," तो म्हणाला.

समोर धान कापलेल्या बांधीत लाखोरी फुलली होती. दोन एकर नुसतं पांढरं. विद्यापीठाचा फोटोग्राफर वाघाडे कॅमेऱ्याचे तीन पाय चिखलात रोवत होता आणि थंडीला शिव्या देत होता. मी सत्तावीस वर्षांची होते, पीएच.डी.चा प्रबंध टायपिंगला गेलेला, आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. आज सदुसष्ट झाली तरी त्या सकाळच्या शहाणपणाची शरम जात नाही.

लाखोरी म्हणजे लाखेची डाळ. आमच्या भंडाऱ्याकडे गरिबाचं पीक. धान उभं असतानाच चिखलात बी फेकायचं. ते ना पाणी मागत, ना खत. पण तिच्या दाण्यात विष असतं. सणावाराला चार वडे खाल्ले तर काही नाही. दोन-तीन महिने रोज तीच पोटात गेली की माणसाचे पाय जातात. आधी पोटऱ्या आखडतात, मग टाच टेकत नाही, मग काठी, मग दोन काठ्या, मग ढुंगणावर सरकत जगायचं. गेलेले पाय परत येत नाहीत आणि त्यावर औषध नाही.

माझे मार्गदर्शक डॉ. वामन दहीकर यांनी चौदा वर्षं खपून या लाखोरीचा जवळजवळ बिनविषारी वाण काढला होता. नाव ठेवलं शुभ्रा, कारण जुनीला निळं फूल आणि हिला पांढरं. कोसमटोल्यातल्या बेचाळीस घरांना आम्ही शुभ्राचं बी वाटलं, त्याला हे तिसरं वर्ष. तेवीस तारखेला विद्यापीठाचा गुणगौरव सोहळा होता. त्या एकाच दिवशी आमच्याकडे संशोधनाची पदकं, नाटक-गाण्यांची बक्षिसं, सगळं एका मांडवाखाली उरकायचं. यंदाचं सुवर्णपदक सरांना. मागच्या पडद्यावर लावायला पांढऱ्या शेताचा मोठा फोटो हवा होता, म्हणून मी आणि वाघाडे.

फोटो झाले. मी हात धुवायला गोठ्याच्या मागे विहिरीवर गेले आणि तिथंच थबकले.

कुडाला टेकून हिरव्या झाडांचा ढीग पडला होता. मुळासकट उपटलेली लाखोरी. वरची फुलं सुकून मान टाकलेली, पण रंग गेला नव्हता. निळी. त्या ढिगावरसुद्धा दोन-चार मधमाश्या घोटाळत होत्या.

"दसरूभाऊ, हे काय?"

तो मागून आलाच होता. ओशाळून हसला. "तेच तं विचारत होतो बाई. काल तुमचे कुंभारे साहेब आले, म्हनाले फोटोवाले याच्या आंधी निळी उपटून टाका. आमी दोघं बापलेक दिवसभर तेच करत होतो. पन एखांदी राहून गेली असन तं, म्हनून विचारलं."

"दरवर्षी निघते?"

"पयल्या साली दहा-बारा झाडं होती. गेल्या साली एक टोपलं. औंदा पाच भारे." मग माझा चेहरा बघून घाईघाईनं म्हणाला, "पन आमी काई मिसळलं नाई हो बाई. देवाशपथ. बी तुमचंच हाये."

मनात पाल चुकचुकली असं म्हणायची पद्धत आहे. माझ्या मनात ती चांगली ओरडली. बी आमचंच होतं, हेच तर वाईट होतं.

आमच्या संशोधन केंद्रावर दर वर्षी शिवारफेरी व्हायची. त्या दिवशी शेतकरी आणि पुढारी आमची शेतं बघायला येत. त्यांना फरक एका नजरेत दिसावा म्हणून आम्ही निळ्या लाखोरीचा वाफा आणि शुभ्राचा वाफा शेजारीशेजारी लावायचो. काय सुंदर दिसायचं! वर्तमानपत्रात फोटो यायचे. दोन वाण एकमेकांपासून लांब ठेवायचे असतात, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. आम्हाला काय ठाऊक नव्हतं? पण दाखवायची हौस मोठी. निळ्यावरची मधमाशी पांढऱ्यावर बसली, पांढऱ्याच्या पोटात निळ्याचं बीज पडलं, आणि त्याच देखण्या वाफ्याचं बी आम्ही पोती भरभरून या गावात आणलं. इथं पुन्हा आजूबाजूला सगळी निळीच.

फूल उमलल्यावर झाड उपटून काय फायदा? माशीचं काम होऊन गेलेलं असतं. म्हणजे कुंभाऱ्यानं हे शेतासाठी सांगितलं नव्हतं, फोटोसाठी सांगितलं होतं. आणि कुंभारे केंद्रावरचा साधा कृषी सहायक. सरांनी सांगितल्याशिवाय तो पाणीसुद्धा प्यायचा नाही.

दसरूच्या बायकोनं, भागरताबाईनं, जेवायला थांबवून घेतलं. नाही म्हणायची सोय नव्हती. सून सुगंधा वाढत होती, तिची चार वर्षांची पोरगी पाटावर बसून डाळीत बोटं बुडवून चाटत होती. दसरूचा मुलगा रेवानाथ शेवटी आला. चोविशीचा, लवलवता, डोळ्यांत कालच्या सरावाचं काजळ राहिलेलं. झाडीपट्टीतल्या दंडारीत, आमच्याकडच्या नाच-गाण्याच्या खेळात, तो बाईचं काम करायचा आणि नाचायला लागला की चार गावं लोटायची. विद्यापीठाच्या सोहळ्यात सरांच्या सन्मानार्थ कोसमटोल्याची दंडार व्हायची होती. महिनाभर पोरांनी तेच डोक्यात घेतलं होतं.

"बाई, तुमच्या इतक्या मोठ्या मांडवात आमची दंडार म्हनजे..." तो खाली बसता बसता थांबला, पोटरी दाबली, चेहरा वेडावाकडा केला आणि मग बसला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काई नाई. रातच्याले गोळे येतात. लय सराव झाला ना."

"कधीपासून?"

"होईन पंधरा-वीस दिवस."

ताटात भात मूठभर आणि डाळ वाटीभर होती. वर लाखोरीचे वडे. भागरताबाई म्हणाली, "औंदा धान तुडतुड्यानं खाल्लं बाई. भात पोरीपुरता. पन तुमच्या लाखोरीनं तारलं. दिवाळीपासून दोन्ही टाइम हेच. आता भेव नाई ना!"

मी घाबरत विचारलं, "भागरताबाई, शिजवताना पहिलं पाणी फेकता ना?"

ती हसली. "काऊन फेकाचं? माही सासू फेके, मी बी फेको. निळी होती तवा. आता तुमच्याच कागदात हाये ना, पानी फेकू नका म्हनून! सुगंधानं वाचून दाखवलं."

तो कागद मी लिहिला होता. "शुभ्राची डाळ शिजवताना पाणी फेकू नये, त्यात सत्त्व असते." शंभर वर्षं इथल्या बाया डाळ उकळून पहिलं पाणी ओतून टाकत होत्या. कोणी शिकवलं नव्हतं, पाय गेलेली माणसं बघून शिकल्या होत्या. ती सवय मी एका ओळीत मोडली होती, आणि वर भाषा सोपी आहे म्हणून सरांकडून शाबासकी घेतली होती.

मी भात चटणीशी खाल्ला. डाळीची वाटी तशीच ठेवली. पोट बरं नाही म्हटलं.

का बोलले नाही तिथंच? आजवर शंभर वेळा स्वतःला विचारलंय. तेव्हाचं उत्तर होतं, आधी खात्री करून घ्यावी. हे आम्हा संशोधकांचं हक्काचं पांघरूण. निघताना सात घरांतून मूठ मूठ डाळ मागून घेतली, तपासायला म्हणून. लोकांनी आनंदानं दिली.

तीन दिवस मी प्रयोगशाळेतून हलले नाही. डाळीचा अर्क कागदावर चढवून रसायन फवारलं की विषाचा जांभळा डाग उमटतो. जितका गडद तितकं विष. शुभ्राचा डाग कसा असतो ते मला झोपेतही सांगता आलं असतं. भिंतीवर पुसलेल्या शाईसारखा, अगदी फिका. सोळा तारखेला सात कागद दोरीवर वाळले तेव्हा दोन फिके होते. पाच गडद होते. दसरूच्या घरचा सगळ्यात गडद.

मी ते कागद घेऊन सरांच्या खोलीत गेले. सर भाषण लिहीत होते.

"ये बेटा, बस. हे ऐक बरं, सुरुवात जमली का सांग."

मी कागद टेबलावर मांडले. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि एकेक कागद खिडकीच्या उजेडात धरून पाहिला.

"नमुने कुठले?"

"कोसमटोला. सात घरं."

"केव्हा घेतले?"

"तेराला. फोटोच्या दिवशी. सर, निळ्या झाडांचा ढीग पाहिला मी. पाच भारे. कुंभाऱ्यांना तुम्ही पाठवलं होतं?"

त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. "भेसळ थोडी आहे, हे मला मागच्या वर्षी दिसलं. काढता येईल असं वाटलं. इतकी असेल असं नव्हतं वाटलं."

"तिथं माणसं दोन्ही वेळा तीच डाळ खाताहेत. पाण्यासकट. धान गेलंय यंदा. दसरूच्या पोराच्या पोटऱ्या आखडतात. सर, आज जीप काढू. आजच सांगू, खाऊ नका म्हणून."

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. मी त्यांना नीच माणूस म्हणून रंगवावं असं कोणाला वाटत असेल तर ते मला जमायचं नाही. त्यांचा थोरला काका लाखोरीनं अधू झालेला होता. लहानपणी सर त्याला पाठुंगळी घेऊन नदीवर न्यायचे. गावात खेळायला पोरं त्यांना घेत नसत, लंगड्याचं घोडं म्हणायची. चौदा वर्षं त्यांनी कशासाठी घासली ते मी जवळून पाहिलं होतं. त्यांच्या स्वतःच्या घरीही शुभ्राचीच डाळ शिजायची.

"यमुना," ते म्हणाले, "आज सोळा. तेवीसला मंत्री येताहेत. पंचवीस हजार एकरांच्या बियाण्याची योजना त्याच व्यासपीठावर जाहीर होणार आहे. आता तू हे बाहेर काढलंस तर काय होईल? भेसळ कोणी म्हणणार नाही. शुभ्रा विषारी निघाली म्हणतील. पुढची वीस वर्षं लाखोरीला कोणी हात लावणार नाही. आणि लोक निळी खातच राहतील. माझ्या काकासारखी."

"पण सर, ही बेचाळीस घरं..."

"आठ दिवस. फक्त आठ दिवस. चोवीसला सकाळी सहाला जीप. मी स्वतः येतो. घरोघरी फिरून सांगतो, डाळ परत घेतो, केंद्राच्या गोदामातला तांदूळ देतो, शुद्ध बी नव्यानं करतो. माझा शब्द. तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आठ दिवसांत कोणाचे पाय गेले तर?"

"अगं, दोन महिन्यांत जे झालं नाही ते आठ दिवसांत होतं का?"

माझ्या प्रबंधावर त्यांची सही व्हायची होती. मेपासून केंद्रावर माझी नेमणूकही व्हायची होती. यातलं एक अक्षर त्यांनी काढलं नाही, माझं मलाच सगळं आठवलं. मी म्हटलं, "बरं सर." कागद गोळा केले आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं.

ते सात दिवस मी देव पाण्यात घालून बसले होते म्हटलं तरी चालेल. जेवताना डाळीकडे बघवेना. खोलीवरच्या मैत्रिणीनं विचारलं, तर परीक्षेचं दडपण आहे म्हटलं. एकदा कोसमटोल्याकडे जाणाऱ्या एस.टी.त बसले आणि पुढच्याच थांब्यावर उतरून परत आले. कुंभारे भेटला तर मान फिरवून गेला.

तेवीसला संध्याकाळी पाचाला सोहळा सुरू झाला. मांडव खच्चून भरलेला. मागे आमचा फोटो, भिंतभर पांढरं शेत. वाघाड्यानं झकास काढला होता, एक ठिपका निळा नव्हता. आधी एकांकिकेची, वक्तृत्वाची, चित्रकलेची बक्षिसं झाली. मग संशोधनाची पदकं. सरांचं नाव पुकारलं तेव्हा पोरं बाकांवर उभी राहिली. मंत्र्यांनी शाल घातली, पंचवीस हजार एकर जाहीर केले. सर भाषणाला उभे राहिले आणि काकाबद्दल बोलले. मांडवात कितीतरी लोकांनी डोळे पुसले. मीही पुसले. खोटं कशाला बोलू?

मग दंडार.

ढोलकी कडाडली, झांजा लागल्या आणि रेवानाथ आला. जांभळं लुगडं, नथ, केसांत शेवंती. पहिल्या गिरकीलाच मांडव त्याच्या मुठीत गेला. माझ्या शेजारी संगीत विभागाच्या प्रमुख देवस्थळे बाई बसल्या होत्या. कोणाचं सहज कौतुक करणारी बाई नव्हे ती. माझ्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "यमुना, पाय बघ त्याचे."

मी बघितलं.

"टाच टेकवतच नाही गं! सगळं अंग चवड्यांवर तोललंय. आल्यापासून एकदासुद्धा नाही टेकवली. हे शिकवून येत नाही, सांगते तुला. ही देणगी असते."

तो ताल धरून नाचत होता, हसत होता, मुरकत होता, आणि त्याचे दोन्ही पाय सुतारानं लाकडात घडवल्यासारखे ताठ होते. गुडघे एकमेकांना घासत होते. लोक म्हणत होते, काय चाल आहे, बाईच वाटते! पुढच्या रांगेत सरांकडे माझी नजर गेली. त्यांच्या मांडीवर पदक होतं, शाल होती. ते टाळ्या वाजवत नव्हते. ते रेवानाथच्या पायांकडे बघत होते, आणि त्या मांडवात ती चाल ओळखणारी माणसं फक्त आम्ही दोघं होतो. त्यांनी तर ती घरातच पाहिली होती.

शेवटी नाचता नाचता खाली बसून नमस्कार करायचा होता. तो बसला. ढोलकीनं उठायचा ठेका दिला. तो उठला नाही. ढोलकीवाल्यानं पुन्हा ठेका दिला. रेवानाथनं दोन्ही हात जमिनीवर टेकले, जोर केला, चेहऱ्यावर हसू तसंच ठेवलं, आणि पुन्हा बसला. लोकांना वाटलं हाच शेवट. अख्खा मांडव उभा राहिला, टाळ्या थांबेनात. पडदा पडला तेव्हा खालच्या फटीतून मला दोन माणसं त्याला काखेत धरून ओढताना दिसली.

सर उठले होते. रंगमंचाच्या पायऱ्यांकडे दोन पावलं गेलेही. तेवढ्यात कुलगुरूंनी त्यांचा हात धरला, फोटोसाठी. मंत्री एका बाजूला, कुलगुरू दुसऱ्या बाजूला. सर मध्ये उभे राहिले. मी गर्दीतून वाट काढत त्यांच्यापर्यंत गेले आणि म्हटलं, "सर, आत्ता जाऊ."

"सकाळी सहाला," ते म्हणाले. "सहाला जीप येते."

सहाला जीप आली नाही. सातालाही नाही. मी सरांच्या बंगल्यावर गेले. काकू दारात आल्या, म्हणाल्या, "अगं, ते पहाटेच मंत्र्यांच्या गाडीतून मुंबईला गेले. योजनेच्या बैठकीला. तुला निरोप नाही मिळाला?"

मी कपाटातले सात कागद घेतले आणि एस.टी. पकडली. या वेळी मधल्या थांब्यावर उतरले नाही. पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. मी कुलगुरूंना पत्र लिहिलं, त्याला उत्तर आलं नाही. दोन वर्षांनी शुभ्रा गुपचूप मागे घेतली. पंचवीस हजार एकरांची योजना कागदावरच राहिली. सर त्याच साली मुदतीआधी निवृत्त झाले. माझा प्रबंध कुठल्याही ग्रंथालयात नाही, कारण मी तो दिलाच नाही. पुढं शाळेत विज्ञान शिकवलं. यातलं काहीच मला फारसं टोचत नाही.

कोसमटोल्यात पोचले तेव्हा बारा वाजले होते. चावडीपुढं माणसं जमली होती, वर्तमानपत्र हातोहात फिरत होतं. सरांचा पदकासह फोटो, मागे पडद्यावर दसरूचं शेत. दसरूनं मला पाहिलं आणि हात जोडत पुढं आला. "बाई! पेपरात आपलं गाव आलं!"

मी चावडीच्या ओट्यावर चढले आणि सांगून टाकलं. बी भेसळीचं आहे. डाळीत विष आहे. आजपासून कोणी खाऊ नका. खायचीच वेळ आली तर पहिलं पाणी फेका. कागदात लिहिलेलं चुकीचं होतं, ते मी लिहिलं होतं. कागद उलगडून गडद डाग दाखवले.

आधी एक म्हातारा हसला. मग बरेच जण.

"बाई, सरकारनं सोन्याचं पदक देल्लं," दसरू समजावणीच्या सुरात म्हणाला. "इख असतं तं देल्लं असतं का? मंत्री काय येडा हाये?"

"दसरूभाऊ, मी स्वतः तपासलंय."

"तुमचं आन सराचं काई बिनसलं का?" त्यानं आवाज खाली आणून विचारलं. काळजीनं विचारलं होतं. "असं होते मोठ्या लोकाईत. पन आमाले मधात घेऊ नका."

मागून एक जण म्हणाला, "काल आल्या असत्या तं ऐकलं बी असतं. आज पदक भेटल्यावर सांगून राह्यल्या." भागरताबाई पदर कमरेला खोचून उभी होती. "खाऊ नका म्हनता. मंग खाऊ काय? धान हाये का तुमच्यापाशी?" माझ्यापाशी काहीच नव्हतं. गोदामातला तांदूळ सरांच्या सहीशिवाय निघत नव्हता. लोक पांगायला लागले. एका बाईनं जाता जाता मला पाणी आणून दिलं, दया आल्यासारखं.

मी दसरूच्या घराकडे गेले. रेवानाथ दारात उंबऱ्याला टेकून बसला होता. डोळ्यांत कालचं काजळ तसंच. पाय पुढं ताठ पसरलेले, शेजारी बांबूची नवी कापलेली काठी. आत चुलीवर डाळ शिजत होती, वास येत होता.

"ऐकलं म्या चावडीवरचं," तो म्हणाला. "ऐकू येते इथवर."

मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले. "रेवानाथ, तू तरी विश्वास ठेव."

"ठेवतो ना. माहे पाय हायेत बाई, मी नाई ठेवीन तं कोन ठेवीन?" त्यानं पोटरीवरून हात फिरवला. "डाक्टर काई करन का?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

त्यानं शेजारची काठी मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाला, "एक इचारू? खरं सांगा. तुमाले कवा समजलं?"

सोळा म्हणता आलं असतं. प्रयोगशाळेच्या वहीत सोळाच आहे. कालच म्हटलं असतं तरी त्यानं मानलं असतं.

"तेरा तारखेला," मी म्हटलं. "तुझ्या गोठ्यामागं फुलं पाहिली तेव्हाच."

"आन आज?"

"चोवीस."

तो बोटांची पेरं मोजायला लागला. ओठ हलत होते, हिशेब चुकू नये म्हणून सावकाश. अकराव्या पेरावर थांबला. मला वाटलं शिवी देईल, काठी उगारेल. मी तयार होते, खरं तर वाटच बघत होते. पण त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. मान मागं वळवली आणि आत हाक मारली.

"सुगंधा, ते हंडी उतरव. आन पोरीचे पाय पाह्य बरं जरा."